सल्ल्यातली मी

करीना कपूरचं एक इंग्रजी पुस्तक २०१२ साली निघालं. नाव 'द स्टाइल डायरी ऑफ अ बॉलिवूड दिवा'. पेंग्विनने काढलेलं, रॉशेल पिंटो यांच्या साथीने लिहिलेलं. शोभा डे यांच्या नावाने जी पुस्तकमाला सुरू झाली तिच्यातलं हे पहिलं पुस्तक. शोभा डे म्हणजे माहेरच्या राजाध्यक्ष, आपल्या मराठीच. त्याच ऑक्टोबरात करीनाचं सैफ अली खानशी लग्न झालं, त्यामुळे पुस्तकाचा गवगवाही भरपूर झाला. आत काय आहे? काय घालावं, काय खावं, चेहऱ्याला काय लावावं, प्रवासाला निघताना बॅगेत काय भरावं. आणि गंमत अशी की, या पुस्तकाची ओळख अनेक ठिकाणी 'आत्मकथन' म्हणून करून दिली जाते.

माझ्या भाचीने ते विकत घेतलं होतं. तिला त्यातली नटण्यामुरडण्याची पानं हवी होती. ती वाचून झाल्यावर पुस्तक माझ्याकडे आलं आणि मी ते भलत्याच डोळ्यांनी वाचलं. माझं बी.ए. इतिहासातलं. लग्नानंतर तारिहाळला आले, चूल हातात आली, पण कॉलेजात आमच्या सरांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून गेली नाही. ते म्हणायचे, जुना हुकूम वाचताना त्यात कशाची मनाई आहे ते आधी बघा. ज्याची मनाई केली आहे, ते त्या काळी सर्रास चाललेलं असणार. कोणी करतच नसतं, तर मनाई कशाला लागली असती? राजाने लिहिलंय 'रयतेकडून फुकट वैरण घेऊ नये', म्हणजे शिपाई फुकट वैरण घेत होते.

सल्ल्याच्या पुस्तकाला हीच कसोटी लावून बघा. 'उपाशी राहू नका' असं लिहिणारी बाई कधीतरी उपाशी राहिलेली असते. 'उंच टाचांच्या चपला घालून लांब चालू नका' असं सांगणारीची टाच कधीतरी सोललेली असते. सल्ला आज्ञार्थात असतो. करा, नेसा, टाळा, जपा. आज्ञार्थात 'मी' हा शब्द कुठे येत नाही. पण प्रत्येक क्रियापदामागे कोणीतरी उभी असते.

करीनाच्या बाबतीत बघायचं तर कपूर घराण्यात लेकीसुनांनी सिनेमात काम करायचं नाही असा दंडक होता. बबिताने लग्नानंतर काम सोडलं. पुढे नवराबायको वेगळे राहू लागले आणि दोन्ही मुली आईजवळ वाढल्या. करिश्मा १९९१ साली पडद्यावर आली तेव्हा तो दंडक मोडला आणि २००० साली 'रेफ्युजी'तून धाकटी आली. २००८ च्या 'टशन'साठी करीना इतकी बारीक झाली की 'साइज झीरो' हा शब्द हुबळीच्या दुर्गद बैलातल्या कापडदुकानांतही ऐकू यायला लागला. तिला आहार सांगणारी ऋजुता दिवेकर मराठीच. तिच्या २००९ च्या पुस्तकाला करीनाची प्रस्तावना आहे, आणि ऋजुताचा सगळा भर उपाशी न राहता घरचं साधं अन्न खाण्यावर, तुपासकट. म्हणजे ज्या मुलीकडे बघून देशभरच्या पोरींनी भात सोडला, तिच्याच नावाने पुढे 'खात जा' असं सांगितलं गेलं. या दोहोंच्या मधे काय झालं असेल, ते मला वाचायला आवडलं असतं.

ते मात्र पुस्तकात फारसं सापडत नाही. खरं सांगायचं तर मला ते पुस्तक पातळच वाटलं. जिच्या मागेपुढे कायम कॅमेरे असतात, तिला काय सांगायचं नि काय झाकायचं याचा चांगला सराव असतो. तिच्या तोंडून चुकून काही निसटत नाही. निसटतं ते आपल्यासारख्यांच्या तोंडून.

माझ्या आज्जीचं बघा. निपाणीकडची ती. कपड्यांबद्दल तिचे दोन सल्ले घरातल्या प्रत्येक मुलीला पाठ होते. परगावी जाताना नवं लुगडं नेसू नये, आणि पोलक्याला आतून खिसा शिवून घ्यावा. आम्ही हसायचो. नव्या लुगड्याला अपशकुन असेल असं कोणीतरी ठरवून टाकलं होतं. खिशाचं कारण म्हणे चोरांची भीती. आज्जी सत्तरीला आली तेव्हा एका दुपारी डाळ निवडता निवडता तिने ते एकदाच सांगितलं. पहिलं मूल तापाने फणफणलं होतं म्हणून ती एकटीच माहेरी निघाली होती. अंगावर नवं कोरं, खळ घातलेलं नऊवारी, कारण सून माहेरी जाताना जुनेर नेसून गेली तर सासरचं नाव जातं. हातात दमडी नाही, कारण सुनेच्या हातात पैसा कशाला? उतरल्यावर भाऊ न्यायला येईल नि तोच भाडं देईल असं ठरलेलं. गाडीत मधेच पैसे मागितले आणि ते नाहीत म्हटल्यावर तिला वाटेत उतरवलं. कडक लुगड्यात पाय टाकता येईनात. काखेत मूल घेऊन ती दोन-अडीच कोस चालली. ते मूल म्हणजे माझे थोरले मामा. वाचले म्हणून मी हे लिहू शकते.

रेशीम न वापरण्याचाही आज्जीचा नेम होता. पण त्याचं कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कोशातल्या जिवांचं. ते प्रवचनात ऐकायला मिळतं. त्यात आज्जी सापडत नाही. आज्जी सापडते पोलक्याच्या खिशात.

आता आपण सगळ्या जी साडी नेसतो तिच्याकडे येते. पाचवारी, आत परकर, वर पोलका, निऱ्या पुढे खोचलेल्या, पदर खांद्यावर. आमच्याकडे तिला 'गोल नेसणं' म्हणतात. माझ्या सासूबाईंनी काष्टा सोडून गोल नेसायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या सासूने आठ दिवस अबोला धरला होता. या नेसण्याच्या इतिहासात ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर यांचं नाव येतं. त्या रवींद्रनाथांच्या वहिनी. त्यांचे पती सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले हिंदी गृहस्थ. १८६४ साली त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. पुढे ते इथं कारवारलाही जज्ज होते. त्या काळच्या बंगाली घरंदाज बाया अंतःपुराबाहेर पडतच नसत. नुसती एक साडी गुंडाळलेली, आत काही नाही. बाहेर जायचं तर घालायचं काय? कलकत्त्याच्या फ्रेंच शिंप्याकडून एक विचित्र पोशाख शिवून घेतला. तो इतका अवघड की एकटीला घालता येईना, नवऱ्याने मदत करावी तेव्हा तो अंगावर चढायचा. मुंबईत त्या पारशी कुटुंबात राहिल्या, तिथल्या बायकांची साडी बघितली, तीत थोडे फेरफार केले आणि ती नेसूनच परतल्या. नंतर 'बामाबोधिनी पत्रिका' या बंगाली मासिकातून त्यांनी जाहीर केलं की, ज्यांना ही साडी शिकायची आहे त्यांना मी शिकवीन.

हा झाला सल्ला. त्या फ्रेंच पोशाखाची फजिती मात्र त्यांनी म्हातारपणी मुलीला सांगितलेल्या आठवणींमधून कळते. सल्ला आधी छापून आला, गोष्ट नंतर.

हे सगळीकडे असंच असावं. हॉलिवूडची जोन क्रॉफर्ड हिने १९७१ साली 'माय वे ऑफ लाइफ' नावाचं पुस्तक काढलं. घर कसं ठेवावं, कपडे कसे निवडावे नि सांभाळावे, नवऱ्याच्या धंद्यात बायकोने कसं वागावं याच्यावर. वाचणाऱ्याला वाटावं की, बाई कपड्यांच्या बाबतीत जरा वेडीच आहे. पण तिच्या आईने कॅन्सस सिटीत लाँड्री चालवली होती आणि लहानपणी ही मुलगी त्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहिली होती. शाळेत फी परवडत नव्हती म्हणून दुसऱ्या मुलींच्या खोल्या झाडायची. दुसऱ्यांचे कपडे धुताना बघत वाढलेल्या मुलीने कपड्यांबद्दल सांगितलेले नियम ते. मला तर एवढं कळल्यावर हसू आलं नाही.

आता आपल्या मुलखात येते, कारण मला खरं लिहायचंय ते इथल्या बायांबद्दल.

धारवाडची लीला नागरकर पुढे लीला चिटणीस झाली. शिकलेली, पदवीधर, चार मुलांची आई. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मुलं वाढवायची म्हणून तिने मिळेल ते काम केलं. नाटकं केली, सिनेमात किरकोळ कामं केली. मग बॉम्बे टॉकीजचे 'कंगन' (१९३९), 'बंधन' (१९४०), 'झूला' (१९४१) आले आणि अशोककुमारबरोबर तिचं नाव घरोघर झालं. १९४१ सालीच लक्स साबणाच्या जाहिरातीत ती झळकली. तोवर त्या साबणाला हॉलिवूडच्या नट्या लागायच्या, हिंदी नटी पहिल्यांदाच आली. सिनेतारकेने सगळ्या बायकांना दिलेला सौंदर्याचा सल्लाच तो, नाही का? कांती कशी राखावी याचा. शब्द अर्थात तिचे नव्हते, साबणवाल्यांचे होते. चार मुलांचं पोट भरणाऱ्या बाईचा चेहरा मात्र तिचा होता. पुढे तिला आईच्याच भूमिका मिळत गेल्या. 'शहीद' (१९४८), 'आवारा' (१९५१), 'गाइड' (१९६५). ती स्वतः बोलली ते १९८१ साली, 'चंदेरी दुनियेत' या आत्मचरित्रात. म्हणजे सल्ला आणि गोष्ट यांच्यात चाळीस वर्षं गेली. २००३ साली ती अमेरिकेत वारली. धारवाडात कोणाला विचाराल तर बेंद्रे सांगतील, मल्लिकार्जुन मन्सूर सांगतील, पेढा तर सांगतीलच. लीलाबाई आपल्या गावच्या हे क्वचित कोणी सांगेल.

लीलाबाईंना निदान चाळीस वर्षांनी तरी जमलं. शांता आपट्यांना तेवढं आयुष्यच मिळालं नाही.

शांता आपटे दुधनीच्या. दुधनी अक्कलकोट तालुक्यात, अगदी सीमेवर. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. मुलगी लहानपणापासून गाणारी. १९३२ च्या 'श्यामसुंदर'पासून सिनेमात आली. प्रभातच्या 'अमृतमंथन'ने (१९३४) नाव झालं आणि 'कुंकू'ने (१९३७) तर इतिहासच झाला. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा बोलपट. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी त्याला नवरा मानायला साफ नकार देते. हिंदीत तोच 'दुनिया न माने'. आपल्या घरांतल्या किती थोरल्या बायांनी तो बघितला असेल, आणि बघून घरी येऊन काही न बोलता भाकऱ्या थापल्या असतील!

१९३९ च्या जुलैत या बाईने पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं. कंपनीशी कराराचा वाद होता. इतकी मोठी नटी, आणि ती स्टुडिओच्या दाराशी अन्न सोडून बसली. आपल्याला उपवास नवा नाही. पर्युषणात आपल्यापैकी कितीजणी आठ-आठ, दहा-दहा दिवस करतात. पण त्यात आपण कोणाकडे काही मागत नाही. उपोषणात समोर कोणीतरी असतं, त्याच्याकडून न्याय घ्यायचा असतो. इकडे उपोषण म्हटलं की लोकांना अदरगुंचीचे शंकरगौडा आठवतात, १९५३ साली कर्नाटकाच्या एकीकरणासाठी बसलेले. त्यांचं नाव इतिहासात लागलं, ते लागायलाच हवं होतं. शांताबाईंचं उपोषण मात्र नटीचं नाटक म्हणून हसण्यावारी नेणारे पुष्कळ होते.

त्यानंतर वर्षभराने, १९४० साली, तिचं पुस्तक आलं. 'जाऊ मी सिनेमात?'

या नावावरून वाचकांना काय वाटलं असेल, ते आपण सहज ताडू शकतो. सिनेमात जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलीला प्रसिद्ध नटीने सांगितलेल्या युक्त्या असतील. केस कसे राखावे, कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहावं, कोणतं पातळ खुलून दिसतं. मलाही तसंच काहीसं वाटलं होतं. माझ्या नात्यातल्या एकाने पुण्याहून त्याची झेरॉक्स आणून दिली, आणि बघते तर ही बाई भांडायलाच बसलेली! तिच्या लेखी स्टुडिओ म्हणजे कारखाना आहे. एकीकडे भांडवल आणि मालक, दुसरीकडे कामगार, आणि पडद्यावर चमकणारी नटीसुद्धा त्या दुसऱ्या बाजूलाच. तिचं भांडवल एकच, तिचं शरीर. ते थकतं. ते झिजतं. ती थकव्याबद्दल लिहिते. आपल्याकडे बाईच्या थकव्याबद्दल तेव्हा कोण लिहीत होतं? आजही कोण लिहितं? 'बॉम्बे हसल' (२०२०) लिहिणाऱ्या देबश्री मुखर्जी यांनी या पुस्तकाचा अभ्यास याच अंगाने केला आहे, थकव्याचा एक विचार म्हणून.

स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग सांगत बसण्याचा तिचा पिंड नाही. ती वाद घालते, समजावते, बजावते. म्हणून या पुस्तकाला आत्मचरित्र म्हणायला कोणी धजावत नाही. पण सरांची कसोटी लावा. शरीर जपा, असं ती सांगते तेव्हा कोणाचं शरीर थकलेलं होतं? करारावर बोलते तेव्हा कोणाचा करार? मालक नि मजूर यांचं नातं उलगडते तेव्हा वर्षभरापूर्वी फाटकाशी कोण बसलं होतं? विशीतल्या बाईला हे सगळं वाचून समजत नाही, अंगावर आल्यावरच समजतं.

मग तिने सरळ आठवणीच का लिहिल्या नाहीत? माझं मत विचाराल तर तिला ती सोयच नव्हती. १९४० साली सिनेमातल्या बाईने 'माझं आयुष्य' म्हणून काही लिहिलं असतं तर लोकांनी त्यात एकच गोष्ट शोधली असती, हिचं कोणाबरोबर होतं? तिच्या थकव्याकडे कोणी बघितलं नसतं. दुसऱ्या मुलींच्या भल्यासाठी लिहिते म्हटलं की तोंड बंद करता येत नाही. चांगल्या घरच्या बायांनाही हीच वाट धरावी लागली होती. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० चं. त्यातलं 'आमच्या' बघा. माधवराव पुढे, रमाबाई पाठीमागे. त्याच साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. हजार पदार्थ सांगणारी बाई किती वर्षं चुलीपुढे बसली असेल याचा हिशोब त्या 'हजार' या आकड्यातच आहे, वेगळा मांडायला नको.

शांताबाईंच्या नावात मात्र एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. 'जाऊ मी सिनेमात?' हा प्रश्न विचारतेय ती कोणी नवखी मुलगी, असं वरवर वाटतं. पण 'मी' हा शब्द तिथं उघड पडलाय. 'सिनेमात जावे काय?' असंही नाव देता आलं असतं, त्या काळच्या पुस्तकांना तसलीच नावं असायची. तिने 'मी' ठेवला. मला वाटतं ती स्वतःलाच विचारत होती, प्रभात सोडल्यावर, आता पुन्हा जाऊ का? ती गेली. १९४१ साली तमिळ 'सावित्री'त तिने काम केलं, त्यासाठी तमिळ शिकली. त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद होत्या. पुढेही चित्रपट येत राहिले, पण 'कुंकू'ची उंची पुन्हा आली नाही. १९६४ च्या फेब्रुवारीत ती गेली. पन्नाशीही गाठली नाही. माझं वय त्याहून जास्त आहे.

तारिहाळमध्ये राहून हे पुस्तक वाचताना फार लांबचं वाटत नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला बायका येतात. बसमधून, टमटममधून, कोणी चालत. अंगावर साडी आणि तिच्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट. हा पोशाख तुम्ही शेतात बघितला असेल, रस्त्याच्या कामावर बघितला असेल. त्याच्यावर कोणी पुस्तक लिहिलेलं नाही. आमच्या गल्लीतून जाणाऱ्या एकीला मी विचारलं, का गं घालतेस? म्हणाली, साडी खराब होत नाही, अक्का. थोडं थांबून म्हणाली, आणि वाकलं की कोणी बघत नाही. नवीन लागलेल्या पोरीला ती पहिल्याच दिवशी सांगते, शर्ट आण. फक्त एवढंच सांगते.

राहिली आमची शांता हुबळीकर. हिचा जन्म अदरगुंचीचा, १९१४ चा. तारिहाळ जसं हुबळीच्या कुशीत तसंच अदरगुंचीही. घरचं नाव राजम्मा. आडनाव घेतलं ते आपल्या शहराचं. कन्नड मुलगी, पण नाव झालं मराठी बोलपटात. प्रभातच्या 'माणूस'मध्ये (१९३९) तिने मैना केली. वेश्येची भूमिका, समोर पोलीस शिपाई झालेले शाहू मोडक. त्यातलं अनेक भाषांतलं गाणं सगळ्या देशाने डोक्यावर घेतलं. उतारवयात मात्र तिच्या वाट्याला एकटेपण आलं, हलाखी आली. १९९० साली तिचं आत्मचरित्र आलं, नाव त्याच गाण्यावरून, 'कशाला उद्याची बात'. दोनच वर्षांनी ती गेली.

गाण्यात ती ओळ सल्ल्यासारखी येते, मैना समोरच्याला सुनावते. लिहिलेली दुसऱ्याने, चाल मास्टर कृष्णरावांची. पन्नास वर्षांनी तीच ओळ हिच्या आयुष्याचं नाव झाली, आणि तोवर या बाईच्या वाट्याला उद्याची काळजी किती आली होती! मला ते मुखपृष्ठ हातात घेताना दर वेळी थोडं टोचतं. तरी नाव बदलायला हवं होतं असं नाही म्हणणार. तिला लोक ज्या ओळीने ओळखत होते, तीच ओळ पुढे करून तिने आपलं म्हणणं आत ठेवलं. लोकांना आत आणायचं तर दार ओळखीचं लागतं.

दुर्गा खोट्यांना यातलं काहीच करावं लागलं नाही. १९८२ साली त्यांनी पुस्तकाचं नावच ठेवलं 'मी, दुर्गा खोटे'. 'मी'नंतर स्वल्पविराम. शांताबाईंच्या नावात प्रश्नचिन्ह होतं, इथं स्वल्पविराम आला. मधे बेचाळीस वर्षं. दुर्गाबाई श्रीमंत घरच्या, इंग्रजी शिकलेल्या, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांच्या मीपणाला कोणी बोट लावू शकत नव्हतं. दुधनीच्या स्टेशनमास्तरांच्या मुलीला तेवढं बळ नव्हतं, म्हणून तिने सल्ल्याचा आडोसा घेतला.

आमच्या महिला मंडळाने यंदा एक पुस्तिका काढायचं ठरवलंय. लग्न होऊन जाणाऱ्या मुलींना थोरल्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी. कपडे, दागिने, स्वयंपाक, प्रवास, असं सगळं. बसदीत बैठक झाली तेव्हा मी एकच सुचवलं, सल्ल्याच्या खाली चार रेघा मोकळ्या ठेवाव्या आणि त्यात कारण लिहावं. खरं कारण. दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. एक काकू म्हणाल्या, कारणं कशाला गं, पोरी घाबरतील. तरी ठराव झाला. आत्तापर्यंत अकरा कागद आलेत. सल्ले चांगले आहेत. बहुतेकींनी कारण म्हणून 'अनुभव' एवढाच शब्द लिहिलाय.

एका कागदावर लिहिलंय, लग्नातल्या पाटल्यांची पावती आपल्या ट्रंकेत ठेवावी, सासरच्या कपाटात नव्हे. खालच्या चारही रेघा कोऱ्या आहेत. अक्षर ओळखीचं आहे. त्या बाई दर चतुर्दशीला बसदीत येतात, येत्या शुक्रवारी येतील.